तेरचे गोरोबाकाका आणि संतीची शपथ

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे आली, ती बॅगेत ग्रीक देवांचं एक जाडजूड पुस्तक घेऊनच. सातवीत आहे. मी चकल्या पाडतेय आणि ती स्टुलावर बसून मोठ्यानं वाचतेय, असा दोन दिवस आमचा कार्यक्रम चालला. तिनं वहीत एक तक्ताच केला. डावीकडे देवाचं नाव, उजवीकडे त्याचं खातं. झ्यूसकडे आकाश, पाऊस आणि वीज, शिवाय शपथा आणि पाहुणे यांची राखण. त्याची बायको हेरा, तिच्याकडे लग्न आणि लग्नाच्या बायका. पोसायडनकडे समुद्र आणि भूकंप. डिमिटरकडे धान्य. अथीनाकडे शहाणपण, लढाई आणि विणकाम. आर्टेमिसकडे रान आणि शिकार, पण बाळंतपणात अडलेल्या बायकाही तिलाच हाक मारायच्या. अपोलोकडे गाणं आणि भविष्य. हर्मिसकडे रस्ते, व्यापारी आणि निरोप पोचवणं. हेफेस्टस म्हणजे देवांचा लोहार. आणि हेस्टियाकडे चूल.

मला त्यातली हेस्टिया फार आवडली. तिच्या नावावर एकही भांडण नाही, पळून जाणं नाही, लढाई नाही. घरातला विस्तव सांभाळत बसलेली. जेवणाआधी देवांना जे वाहायचं, त्यातलं पहिलं तिला आणि शेवटचंही तिला. मान मोठा, पण गोष्टी जवळजवळ नाहीतच. चूल सांभाळणारीची गोष्ट कुणी सांगत नाही, हे तिकडेही तसंच म्हणायचं!

तेवढ्यात दारावर कुंभारीण आली पणत्या घेऊन. आम्ही दोन डझन घेतल्या. भाचीनं आपला तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि मला विचारलं की, यात कुंभाराचा देव कुठला? मग पुस्तक चाळून तिनंच शोधून काढलं की ग्रीक कुंभार अथीनाला हात जोडायचे. त्यांचं एक जुनं गाणं आहे, होमरच्या नावावर सांगतात. त्यात कुंभार अथीनेला म्हणतो, ये आणि माझ्या भट्टीवर हात धर. आणि कबूल केलेलं कुणी दिलं नाही, तर भट्टीत भुतं सोडीन अशी त्यात धमकीही आहे. एक भूत मडकी तडकवणारं, एक फोडणारं, एक कच्च्या मालाची नासाडी करणारं. ज्यानं आवा लावलाय आणि सकाळी उघडून निम्मी मडकी फुटलेली पाहिलीत, त्याला हे गाणं बरोबर कळेल.

मग ती म्हणाली, आपल्या कुंभाराचा देव कोण? मी सांगितलं, आपल्याकडे खाती अशी वाटलेली नाहीत बाई. आपल्याकडे एका कुंभाराच्या घरी देवच कामाला राहिला होता. ते गाव इथून लांब नाही. आणि गंमत म्हणजे तुझ्या त्या ग्रीक लोकांनाही ते गाव माहीत होतं. भाऊबीज झाली आणि आम्ही दोघी एसटीनं तेरला गेलो.

तेर म्हणजे पूर्वीचं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत समुद्रप्रवासाची एक वही लिहिली. कुठल्या बंदरात काय मिळतं, कुठे काय खपतं, अशी. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. त्यात भडोच बंदर आहे, भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर फार मोठं शहर आहे असं तो लिहितो. इथून गाड्यांमध्ये लादून साधं कापड आणि मलमल भडोचला जायची, तीही धड रस्ते नसलेल्या मुलखातून. ते तगर म्हणजे हेच तेर, हे फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १९०१ मध्ये मांडलं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या. त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय तेरला आहे. सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, मणी, हस्तिदंती बाई. ही हस्तिदंती बाई बघाच. तिच्यासारखीच एक इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं होतं. म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या बायकांसारखी, अंगभर दागिने घातलेली एक बाई दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेली होती.

आणि तिकडचे देव इकडे आले होते. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडनची कांस्याची लहानशी मूर्ती सापडली. तिथल्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात ती आहे. समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी कशाला आला, असं भाचीला वाटलं. मी म्हटलं, व्यापाऱ्याच्या सामानातून आला असेल. पण पोसायडनचं दुसरं खातं भूकंपाचं आहे हे वाचल्यावर मला मात्र समुद्र आठवला नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवली. किल्लारीचा भूकंप. आमच्या जिल्ह्यातल्या उमरगा, लोहाऱ्याकडची गावं त्या पहाटे झोपेतच गाडली गेली. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. जमीन हलवणारा एक देव वेगळा ठेवावासा ज्यांना वाटला, त्या माणसांची भीती मला त्या दिवसापासून कळते.

पण मला सांगायचंय ते गोरोबाकाकांबद्दल.

संत गोरा कुंभार यांचा जन्म १२६७ चा मानतात. देवगिरीला यादवांचं राज्य होतं. आई रखुमाई, वडील माधवबुवा. घरचा धंदा कुंभारकाम आणि भक्ती काळेश्वराची, म्हणजे महादेवाची. तेरणा नदीच्या काठी काळेश्वराचं देऊळ आजही आहे. गोरोबांच्या जन्माची जी कथा सांगतात, ती ऐकतानाच पोटात कालवतं. माधवबुवांना आठ मुलं झाली आणि आठही गेली. काळेश्वराच्या आवारात त्यांना पुरलं. मग पांडुरंग ब्राह्मणाच्या रूपानं आला, पुरलेली जागा उकरायला लावली, मुलं जिवंत केली, आणि आठवं मूल आईबापांच्या ओटीत घातलं. गोर म्हणजे पुरण्याचा खड्डा. त्यातून परत आलेला म्हणून गोरा. आता ही कथा आहे, इतिहास नव्हे, हे मलाही कळतं. पण त्या काळात एकेका घरानं किती मुलं मातीआड केली असतील, ते त्या नावात राहिलंय.

गोरोबा वाढले ते चिखलात आणि नामात. चाकावर गोळा चढवायचा, थापटण्यानं मडकं बडवायचं, आवा रचायचा आणि तोंडानं विठ्ठल विठ्ठल. घरचा देव महादेव, मनातला विठ्ठल. त्यात त्यांना काही अडचण वाटली नाही. लग्न झालं, बायकोचं नाव संती. एक मुलगा झाला, रांगायला लागला.

आणि मग तो दिवस. संती पाण्याला निघाली. जाताना तिनं नवऱ्याला सांगितलं, पोराकडे लक्ष ठेवा. गोरोबा आळ्यात उतरून चिखल तुडवत होते. डोळे मिटलेले, अभंग चाललेला. मूल बापाकडे रांगत आलं. बापाला कळलं नाही. संती घागर घेऊन परत आली तेव्हा अंगणात पोर नव्हतं आणि चिखल लाल झाला होता.

माझी एक मावशी होती. तिचं दोन वर्षांचं पोर तापानं गेलं तेव्हा काका वारीला गेलेले होते. त्यांचा दोष होता असं ती कधी म्हणाली नाही. पण गावात सप्ताह बसला आणि बुवांनी गोरोबांचं आख्यान लावलं की ती पदर सावरून मांडवातून उठायची. संती पाण्याला निघाली की उठायची. लोक टाळ्या वाजवत असायचे, गोरोबांची समाधी कशी लागली होती ते बुवा रंगवून सांगत असायचे. ती तोवर घरी येऊन भांडी घासत बसलेली असायची. आम्हा मुलांना तेव्हा वाटायचं, मावशीला कीर्तन आवडत नाही.

हे आख्यान मी पुढे कितीदा तरी ऐकलं. महिपतींच्या भक्तिविजयात आहे, तो ग्रंथ १७६२ चा. नाटक झालं, सिनेमे झाले, शेजारच्या कर्नाटकात तर १९७४ मध्ये राजकुमारनं गोरोबांचं काम केलेला भक्त कुंबार नावाचा चित्रपट घरोघर माहीत आहे. सगळीकडे गोरोबांच्या तल्लीनतेचं कौतुक. संतीनं काय केलं हे मात्र घाईघाईनं सांगतात. म्हणून मी ते जरा सावकाश सांगते.

संती किंचाळली. नवऱ्याला बोलली, आणि त्याच्या विठ्ठलालाही बोलली. भजन मोडलं म्हणून गोरोबांना राग आला आणि ते काठी घेऊन तिच्यावर धावले. होय, संतच धावले. महिपतींनीही हे झाकलेलं नाही. त्याबद्दल त्यांना खरंच मानलं पाहिजे. पोर गेलेली बाई, अंगावर काठी येतेय, माहेर लांब. तिच्या हातात काय होतं? काही नव्हतं. मग तिनं जे नवऱ्याला सगळ्यात प्रिय, तेच उचललं. तुम्हाला विठ्ठलाची शपथ आहे, माझ्या अंगाला हात लावाल तर.

काठी तिथंच थांबली. आणि पुढे वर्षानुवर्षं गोरोबांनी तिला बोटही लावलं नाही.

तेरला जाताना एसटीत भाचीनं मला डिमिटरची गोष्ट वाचून दाखवली होती. ती मी मुद्दाम इथे सांगते. धान्याची देवी डिमिटर. तिची मुलगी पर्सेफनी फुलं वेचत असताना पाताळाचा राजा हेडिस तिला पळवून नेतो. मुलीच्या बापाची, झ्यूसची त्याला संमती असते. आईला कुणी विचारत नाही. नऊ दिवस आई मशाली घेऊन पृथ्वीभर फिरते, अन्न नाही, अंघोळ नाही. म्हातारीचं रूप घेऊन एका गावात विहिरीपाशी बसते. मग तिला खरं काय ते कळतं आणि ती काय करते? धान्य उगवू देत नाही. पेरलेलं मातीतच राहतं. माणसं उपाशी, देवांचे नैवेद्य बंद. झ्यूस एकेका देवाला समजूत घालायला पाठवतो, भेटी पाठवतो. ती ऐकत नाही. शेवटी त्यालाच नमावं लागतं. मुलगी परत येते. पण तिनं पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो, म्हणून वर्षातले काही महिने तिला खाली जावंच लागतं. ते महिने धरित्री उजाड.

त्या डिमिटरसाठी ग्रीक गावांतून पेरणीच्या सुमाराला बायकांचा सण असायचा, थेस्मोफोरिया नावाचा. अथेन्समध्ये तो तीन दिवसांचा. लग्न झालेल्या बायकांनीच करायचा, पुरुषांना मज्जाव. मधल्या दिवशी उपास करून जमिनीवर बसून राहायचं, आईच्या दुःखाची आठवण म्हणून. आपल्या धाराशिव-लातूरकडे वेळ अमावस्येला आपण भज्जी, आंबील, उंडे डोक्यावर घेऊन रानात जातो, कडब्याच्या कोपीत पांडव आणि लक्ष्मी मांडतो. तिथेही जमिनीचीच पूजा, उभ्या पिकात. पण एका आईचा राग म्हणून जमीन रुसली, अशी गोष्ट आपल्या त्या सणात नाही. मला ती हवी होती असं वाटतं.

कारण बघा, डिमिटरकडे धान्याचं खातं होतं. तिनं ते बंद केलं आणि सगळ्या जगाला तिच्या दारात यावं लागलं. संतीकडे कुठलं खातं? पाणी भरणं, लीद गोळा करणं, मडकी उन्हात मांडणं. ती हे सगळं दुसऱ्या दिवशीही करत राहिली असणार. तिच्याकडे होता फक्त एक शब्द.

पण त्या शब्दाची ताकद कमी समजू नका. ग्रीक देवसुद्धा शपथेला भ्यायचे. त्यांची शपथ पाताळातल्या स्टिक्स नदीच्या पाण्यावर घ्यायची. ती मोडणारा देव वर्षभर श्वास हरपून पडून राही आणि पुढची नऊ वर्षं इतर देवांच्या पंगतीला त्याला जागा नसे. म्हणजे आकाशातल्या वीजधारी देवालाही जे मोडता येत नव्हतं, ते तेरच्या कुंभारणीनं एका काठीसमोर उभं राहून बांधलं.

मात्र ते तिच्यावरच उलटलं. वंश कसा चालायचा, ही चिंता गावाला आणि मग तिलाही. तिनं माहेरी जाऊन वडिलांच्या पाया पडून आपली धाकटी बहीण रामी नवऱ्याला मागितली. ह्या ओळीशी मी नेहमी अडते. कुठल्या मनानं मागितली असेल! लग्न लागलं. सासऱ्यानं लेकीच्या काळजीनं जावयाला बजावलं की दोघींना सारखंच वागवा, थोरलीला जसं तसंच धाकटीला. गोरोबांनी ते अक्षरशः पाळलं. थोरलीला हात लावायचा नाही, तर धाकटीलाही नाही. एका घरात दोन सवाष्णी आणि दोघी तशाच.

एका रात्री दोघी बहिणींनी ठरवलं. गोरोबा झोपले असताना त्यांचे हात त्यांनी आपल्या अंगावर घेतले. पहाटे जाग आली, शपथ मोडलेली दिसली, आणि गोरोबांनी आपले दोन्ही हात तोडून टाकले. कुंभाराचे हात. ज्यांच्यावर घर चालायचं ते हात.

लहानपणी हा भाग ऐकताना मला गोरोबांची कीव यायची. आता त्या दोन बहिणी दिसतात. सकाळी उठून आधी रक्त पुसलं असेल, मग चाकाकडे बघितलं असेल. आता हे फिरवणार कोण?

तर पुढची गोष्ट माझ्या फार आवडीची. पंढरपूरचा विठ्ठल कुंभार होऊन तेरला आला. नाव विठू. बरोबर रुक्मिणी बायको म्हणून, आणि गरुडाचं केलं गाढव. गोरोबांच्या घरी कामाला राहिले. देवानं चिखल तुडवला, चाक फिरवलं, मडकी भाजून बाजारात नेली. भाचीनं इथे हेफेस्टसचं नाव काढलं. ग्रीक देवांत खराखुरा घाम गाळणारा तो एकटाच, पायानं अधू, काजळीनं माखलेला. बाकीचे देव त्याला हसायचे. पहिली बाई, पँडोरा, तीही झ्यूसच्या सांगण्यावरून त्यानंच माती भिजवून घडवली. तिला वाटलं, विठू म्हणजे आपला हेफेस्टस. मी म्हटलं, थोडंसं तसंच, पण हेफेस्टसचं ते खातंच होतं. विठ्ठलाचं नव्हतं. तो जनाबाईकडे दळायला बसतो, इथे मडकी करतो. ज्या घरी जे काम अडलंय ते त्याचं. आणि रुक्मिणीकडे बघ. ती पंढरपूरची राणी संती-रामीच्या अंगणात राख चाळत होती म्हणे. कीर्तनकार हे सांगतात तेव्हा बायकांच्या बाजूला हमखास कुणीतरी हसतं.

गोरोबांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट, हात शाबूत असतानाची, सांगितल्याशिवाय राहवत नाही. संतांचा मेळा जमला होता. तेरचे लोक म्हणतात, आमच्याच गावात. ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपान, नामदेव आणि मुक्ताबाई. मुक्ताबाईंचा जन्म १२७९ चा धरतात, म्हणजे फार तर सोळा-सतरा वर्षांची पोर. तिला कोपऱ्यात थापटणं दिसलं आणि तिनं विचारलं, काका, हे कशाला? गोरोबा म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते यानं कळतं. मग ती म्हणाली, आमचीही परीक्षा करा. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. गोरोबांनी निकाल दिला की हे मडकं कच्चं आहे. नामदेव रुसून पंढरपूरला गेले, पण पुढे गुरूच्या शोधात औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पोचले ते त्या एका फटक्यामुळे. गंमत अशी की सांगितलेल्या सालांप्रमाणे गोरोबा नामदेवांपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठे. तरी सगळ्यांनी त्यांना काका केलं. काही माणसं असतातच तशी, लवकर काका होणारी.

आषाढी आली. ज्ञानदेव, नामदेव पंढरीला चालले. वाटेत त्यांना कळलं की देवळात देव नाही, तो तेरला मडकी करतोय. ते गोरोबांच्या घरी आले आणि विठू कुंभार बायकोला घेऊन नाहीसा झाला. मग सगळेच पंढरपूरला. संती आणि रामीही.

वाळवंटात नामदेव कीर्तनाला उभे राहिले. सगळ्यांनी हात वर करून टाळी वाजवायची वेळ आली. गोरोबांनी आपले थोटे हात वर केले आणि हाताला हात फुटले. लोकांनी गजर केला. त्या गजरात संती मात्र गप्प नव्हती. तिनं पांडुरंगाकडे आपलं मूल मागितलं. नवऱ्याचे हात परत दिलेस, मग माझं पोर? आणि गर्दीतून पोर रांगत आलं, सरळ आईकडे. देवानं शपथ सोडवली आणि गोरोबांना दोघींशी संसार करायला सांगितलं.

माझ्या लक्षात आलं ते असं की, मूल मागितलं ते संतीनं. गोरोबांनी नाही. आख्यानात सगळा चमत्कार भक्ताच्या हातांचा असतो आणि त्या गडबडीत हे निसटून जातं.

गोरोबा १३१७ मध्ये चैत्र वद्य त्रयोदशीला तेरला समाधिस्थ झाले. वय पन्नास. पाठोपाठ देवगिरीचं राज्यही गेलं. त्यांच्या नावावरचे अभंग मोजके, वीसेक. समाधीचं देऊळ तेरणेच्या काठी आहे, आणि चैत्रातल्या यात्रेला लांबलांबून दिंड्या येतात. संतीची समाधी शोधत फिरायचं नाही, ती गोरोबांच्या गोष्टीतच आहे.

आम्ही दोघी आधी संग्रहालयात गेलो होतो, मग देवळात. संग्रहालयात डोकं नसलेली, पाय फाकून बसलेली मातीची देवी होती, लज्जागौरी. भाची लाजली. मी तिला सांगितलं की ही सुद्धा आईच आहे, मूल होण्याची आणि जमीन पिकण्याची देवी. आणि गोरोबांच्या हजार वर्षं आधी इथल्याच कुणा कारागिरानं ती थापली. तिनं तक्ता काढून खालच्या रिकाम्या जागेत तिचं नाव लिहिलं. खात्यापुढे काय लिहावं याचा जरा विचार केला आणि ती जागा तशीच ठेवली.

देवळात नेमकं कीर्तन चालू होतं. तेच आख्यान. आम्ही बायकांत जाऊन टेकलो. बुवा संतीला घागर घेऊन नदीकडे धाडत होते. माझ्या पुढे एक म्हातारी बसली होती, नातवाला मांडीवर घेऊन. मी बघत होते, ती उठते का. ती उठली नाही. तिनं फक्त नातवाचं तोंड आपल्या पदरात वळवून घेतलं आणि ऐकत राहिली.